कायम नोकरी वाचवण्याची माझी मोहीम

३ मार्च, सकाळी
पेपरात बातमी. सरकारी विद्यापीठातल्या प्राध्यापकांची कायम नोकरी जाणार. दर पाच वर्षांनी परीक्षा, नापास झालात की घरी. विधेयक महिनाअखेर मंजूर करणार म्हणे. स्टाफरूममध्ये सगळ्यांचे चेहरे पडलेले. माझा नाही. कुणीतरी उभं राहायला हवं. मी राहतोय. कडक निवेदन लिहिणार. आजच.

४ मार्च
निवेदनाचं शीर्षक तयार. बायकोला वाचून दाखवलं. म्हणाली, आधी नळाचा वॉशर बदल. असो.

९ मार्च
सह्यांची मोहीम. दोन सह्या. एक माझीच. ग्रंथपालबाई म्हणाल्या, मजकूर दाखवा, मग करते. अशा अविश्वासानेच चळवळी मरतात.

१५ मार्च
‘आम्ही, ज्ञानाचे वाहक’ इथपर्यंत आलो. ‘वाहक’ म्हटलं की कंडक्टर वाटतो. लेक म्हणाली, बाबा, मग तिकिटंही फाडा. दिवसभर खिदळत होती. मूड गेला. उर्वरित मजकूर उद्या.

२८ मार्च
विधेयक मंजूर! माझ्या निवेदनाची वाटसुद्धा पाहिली नाही. लोकशाहीत इतकी घाई बरी नव्हे. पण आधीच कायम झालेल्यांना सूट मिळालीय. कायम झाल्याचा आदेश दाखवायचा, सुटायचं. सगळ्यांची कपाटं उपसणं चालू. मी निवांत. एकोणीस वर्षं झाली नोकरीला.

२ एप्रिल, दुपारी
आदेशाची प्रत आणायला आस्थापना विभागात गेलो. हेडक्लार्कने माझी फाइल पुढून चाळली, मागून चाळली. चष्मा काढून म्हणाला, “सर, तुम्ही कायम झालाच नाहीत.” प्रोबेशन संपल्यावर अर्ज करायचा असतो म्हणे. तीन स्मरणपत्रं आली होती. तिन्हींवर शेरा, ‘बघतो’. अक्षर माझंच. आता नव्या कायद्याने अर्ज बंद. जागेची जाहिरात निघणार, इतरांसारखी मुलाखत द्यायची.
घरी सांगितलं. बायको हसेल वाटलं होतं. हसली नाही. म्हटलं, अगं, फॉर्मॅलिटी आहे.

१९ एप्रिल
मुलाखत. कॉरिडॉरमध्ये खुर्च्यांवर सगळी तिशीच्या आतली मंडळी. मला बघून शेजारची पटकन उभी राहिली. माझीच जुनी विद्यार्थिनी. “सर, तुम्ही पॅनेलवर आहात ना? मला सोपं विचारा हं.” मी मान डोलावली. काय करणार? तिला धीर हवा होता.
शिपाई बाहेर आला. ओरडला, उमेदवार क्रमांक सात.
कुणी उठेना. तीही इकडेतिकडे पाहू लागली, सात कोण म्हणून.
मी उठलो.