मे महिन्याची सुट्टी आणि सुकटीचं खळं

बाई, तुम्ही वर्गात सांगितलेली एक गोष्ट चुकीची होती. मला हे परवा कळलं. मी आता दिंडोशीच्या एका शाळेत शिकवते. मुलांनी विचारलं, अमेरिकेतपण उन्हाळ्यातच सुट्टी का, म्हणून पुस्तक काढून बसले. तुम्ही सांगायचात, तिकडे मुलं शेतात आईबापांना हातभार लावायची, म्हणून ती लांब सुट्टी पडली. तसं नव्हतं हो. शेतीची खरी घाई पेरणीला आणि कापणीला. खेड्यातल्या शाळा तर ऐन उन्हाळ्यात भरत. उकाड्यानं हैराण व्हायची ती शहरं. ऐपतदार लोक थंड हवेला निघून जायचे, बाकं रिकामी राहायची. पुढे गाव आणि शहर यांचं वेळापत्रक एक केलं, तेव्हा उन्हाळा सुट्टीचा ठरला. वाचलं आणि हे पत्र लिहायला घेतलं, कारण तुमच्या त्या गोष्टीआड मी एकदा लपले होते.

सहावीची परीक्षा झाली होती. पुढच्या वर्षीच्या स्कॉलरशिपची तयारी करून घ्यायची म्हणून तुम्ही माहेरी जायचं रद्द केलंत. मी मनोरीहून रोज तुमच्या मालाडच्या घरी यायचं ठरलं. चार दिवस मी आलेच नाही. पाचव्या दिवशी तुम्हीच मार्व्याहून होडीत बसून आलात. मी पोरींबरोबर सागरगोटे खेळत होते. लांबून तुमची छत्री दिसली तशी धावत मासळी वाळवायच्या खळ्यावर गेले, आईच्या हातातला खराटा ओढून घेतला आणि सुकट पसरायला लागले. आई बघतच राहिली.

"बाई, पावसाआधी सुकट वाळवायला पाहिजे ना," मी म्हटलं. "तुम्हीच बोललात, अमेरिकेतपण पोरांना कामासाठीच सुट्टी असते."

तुम्ही थेट आईकडे वळलात. "एवढी हुशार पोर, आणि तिला कामाला जुंपता? आई ना तुम्ही?"

आई माझ्याकडे बघते. मी खाली सुकटीकडे. ती पदराला हात पुसते आणि म्हणते, "चुकलं, बाई. उद्यापासून धाडते."

तुम्ही पाणीही न घेता परत गेलात. मला वाटलं, आता पाठ सोलून निघणार. पण आई एवढंच म्हणाली, "बाईंच्या मनात तुजं नाव चांगलं ऱ्हाऊ दे. माजं काय, मना कुठं शालेत बसायचं हाय?"

मला स्कॉलरशिप मिळाली. सत्काराला आई ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. तुम्ही माझी पाठ थोपटलीत, तिच्याशी एक शब्द बोलला नाहीत. तुमचा दोष नाही. पण ते लुगडं आठवलं की अजून माझा जीव तुटतो.

आता आई नाही, तुम्ही नाही. हे पत्र वह्यांच्या गठ्ठ्यात राहील. त्या पाचही सकाळी आईनं माझी वेणी घातली होती, डबा दिला होता आणि मला होडीच्या धक्क्यापर्यंत सोडलं होतं. ती वळली की मी मागच्या वाटेनं खेळायला पळायचे. तुम्ही रिटायर झाल्यावर बोरिवलीला कितीदा तुमच्याकडे चहाला आले, बाई. दर वेळी सांगायचं ठरवून यायचे. तुम्ही पाहुण्यांना सांगायचात, "ही माझी सगळ्यात गुणी मुलगी," आणि मला ते ऐकायला आवडायचं.