शैला येईपर्यंत झाकण लावू नये

मी, कुमारी सुंदरा शांतवन अमोलिक, वय ६९, धंदा शिवणकाम, धर्म ख्रिस्ती, राहणार भायखळा, मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके ठिकाणावर आहे. कुणी धाकदपटशा दाखवलेला नाही; मला दाखवायची कुणाची छातीही नव्हती. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. माझ्या मालकीची भायखळ्याची खोली व बँकेतील ठेव माझी धाकटी बहीण सौ. शैला गौतम तांबे, राहणार नायगाव, हिला मिळावी.

कलम २. शिवणयंत्र तिची मुलगी अक्षता हिला द्यावे. पायडल करकरते, तेल घालावे.

कलम ३. शेजारच्या कौसल्याबाईंनी २०११ च्या नाताळात नेलेले पितळी पातेले त्यांच्याचकडे राहावे. चौदा वर्षे मी जिन्यात त्यांना पाहून तोंड फिरवले. एवढ्या रागाला ते पातेले फारच लहान होते.

कलम ४. आमच्या चर्चच्या मंडळीत कुणी वारले की शवपेटीचे पांढरे अस्तर मी शिवते. त्यामुळे झाकण कधी लावायचे, हेही मलाच विचारतात. २००६ साली आई गेली तेव्हाही विचारले.

शैलाने गौतमरावांशी चर्चबाहेर, नोंदणी पद्धतीने लग्न केले म्हणून मी तिच्याशी बोलणे टाकले, असे सगळ्यांना सांगत आले. ते निमित्त होते. अर्धांगाने पडलेल्या आईचे सात वर्षे मी एकटीने केले. शैला रविवारी यायची, आईचे केस विंचरायची, आणि आई तिच्याकडे बघून हसायची. माझ्याकडे बघून कधी हसली नाही. खरा राग तो होता.

आईच्या मातीच्या दिवशी शैलाचा फोन आला, "ताई, भायखळ्याला उतरलेय, दहा मिनिटं थांब गं." मी फोन ठेवला आणि पेटीपाशी हातोडी घेऊन उभ्या असलेल्या, मंडळीतल्या आनंदाला म्हटले, "लाव झाकण." ती धावत आली तेव्हा खिळे ठोकून झाले होते. तिला आईचे तोंड दिसले नाही. दफनभूमीची वेळ टळत होती, असे मी तिला सांगितले. ते खोटे होते. चांगला तासभर हाताशी होता. पुढे मंडळीतल्या बायका "आईच्या मातीलाही उशिरा आली" म्हणायच्या, तेव्हा मी गप्प बसून ऐकत असे.

तेव्हापासून प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की मी नुसते ओठ हलवते. प्रभुभोजनाची भाकर मात्र दर महिन्याला हात पुढे करून घेतली. मला याची लाज वाटते. शैलाकडे क्षमा मागायला मला तोंड नाही.

कलम ५. माझ्या पेटीचे अस्तर शिवून ट्रंकेत ठेवले आहे. शैला येईपर्यंत झाकण लावू नये. दफन दुसऱ्या दिवसावर गेले तरी चालेल. ती आलीच नाही, तर तिला कुणी बोल लावू नये.

इथवर लिहून मी साक्षीदारांना, म्हणजे शेजारच्या मालनला आणि आनंदाला, वाचून दाखवले. मालनने पेन खाली ठेवले. "मेल्यावर कसली गं माफी मागतेस? नायगाव काय दुबईला आहे? फोन लाव, तर सही करते." तिने स्वतःच नंबर फिरवून फोन माझ्या हातात दिला.

मी म्हटले, "शैला, आईचं झाकण मी लावायला सांगितलं. वेळ होता गं."

"माहितीये, ताई. आनंदाने त्याच आठवड्यात येऊन सांगितलं मला."

आनंदा समोर मान खाली घालून बसला होता.

"मग दर नाताळला करंज्या घेऊन का येत होतीस?"

"वाटायचं, यंदा तरी सांगशील."

कलम ६. त्या करंज्या मी दारातूनच घ्यायचे. तिला एकदाही आत बोलावले नाही. एकोणीस वर्षांत एकही करंजी खाल्ली नाही, सगळ्या वाटून टाकल्या. परवा रविवारी ती येणार आहे. मी तिला आत घेईन. मृत्युपत्रात हे लिहायचे कारण नाही, पण साक्षीदारांसमोर लिहिलेले बरे. माझा माझ्यावर भरवसा नाही.

ठिकाण : भायखळा, मुंबई
शुक्रवार, १२ डिसेंबर २०२५

सही : सुंदरा शांतवन अमोलिक

साक्षीदार, ज्यांच्यादेखत मी सही केली :
१. मालन रत्नाकर पाटोळे, शेजारीण (फोन झाल्यावर सही केली)
२. आनंदा येसू भोसले, ज्याने माझ्या सांगण्यावरून झाकण लावले