काचेवर वॉल्टरच्या नावाची पाटी न लावण्याबद्दल

प्रति,
मा. अध्यक्ष, श्री. गॉर्डन लिंडक्विस्ट,
बालहॉकी मंडळ, विलो रिज,
सस्कॅचेवान.

विषय : बर्फमैदानाच्या पूर्व टोकाच्या काचेवर कै. वॉल्टर पावलिक यांच्या नावाची पितळी पाटी न लावणेबाबत.

संदर्भ : मंडळाचा ठराव, पाटीचे अनावरण येत्या शनिवारी, अंतिम सामन्यापूर्वी.

महोदय,

“टेसा, उभी आहेस की पुरून ठेवलंय तुला तिथं?”

हा आवाज आपल्या गावात कोणाला ओळखू येणार नाही? तो अर्जदाराच्या पतीचा होता. टेसा ही अर्जदाराची मुलगी, आपल्या बारा वर्षांखालील संघाची गोलरक्षक. आवाज थांबला त्याला तीन हिवाळे झाले. अर्जदार सविनय कळवू इच्छिते की, तो बर्फावरून अजून उठलेला नाही.

१. वॉल्टर चांगला बाप होता, हे प्रथम नमूद करते. अंगणात पाणी सोडून त्याने लेकीसाठी बर्फ गोठवला. तिच्या बुटांच्या नाड्या उघड्या बोटांनी आवळल्या, बोटे निळी होईतो. पण मैदानाभोवतीच्या काचेपाशी गेला की माणूस बदलायचा. मंडळाच्या प्रतिज्ञेवर, ‘ही मुले आहेत, हा खेळ आहे’, त्याने दरवर्षी ठसठशीत सही केली आणि दरवर्षी पंचाच्या आईबापांचा उद्धार केला. चूक दिसली की काचेवर मुठीने तीन ठोके. ठक, ठक, ठक. परतताना गाडीत अख्खा सामना पुन्हा खेळला जायचा. मागे बसून टेसा खिडकीवरच्या दवात बोटाने रेघा ओढायची.

२. एकदा खेळाची रबरी चकती गोलात गेली तेव्हा पाहुण्या संघाच्या चिमुकल्या गोलरक्षकाला त्याने विचारले, “दार सताड उघडं ठेवलंयस, राजा, चहाला बोलावलंयस का चकतीला?” सगळा सज्जा हसला. आपणही हसलात, महोदय, आणि अर्जदारही हसली. सामन्यानंतर दोन्ही संघ हात मिळवायला रांगेत उभे राहिले तेव्हा ते पोर मान खाली घालून रडत होते. टेसाने हातमोजा काढला आणि उघड्या हाताने त्याचा हात धरला. रांग मागे खोळंबली, तरी तिने तो सोडला नाही.

३. त्याच हिवाळ्यात सामन्याला पोहोचण्याच्या घाईत वॉल्टरची गाडी पुलावर घसरली आणि तो गेला. त्यानंतर गावाने जे केले ते मायेपोटीच केले, याबद्दल शंका नाही. प्रत्येक सामन्याला कोणीतरी त्याच्या जागी, काचेखालच्या फळीवर, बिनसाखरेची कॉफी ठेवते. वाफ निघते, निवते, वर साय धरते. पीत कोणी नाही. सज्जा कितीही भरो, तिथे कोणी उभे राहत नाही. मागच्या महिन्यात पाहुण्यांकडचे एक आजोबा नकळत तिथे टेकले, तर त्यांना दंडाला धरून उठवले. हल्ली तिघे बाप चकती पुढे सरकली की काचेवर तीन ठोके मारतात. पाहुण्यांच्या मुलांना वॉल्टरचीच वाक्ये, वॉल्टरच्याच सुरात ऐकवतात. पंचाने हटकले की म्हणतात, मेलेल्या माणसाची आठवण काढायलाही बंदी आहे का? जिवंत होता तेव्हा तो एकटा ओरडायचा, महोदय. आता तो तिघांच्या गळ्यातून ओरडतो.

आणि थंडी फार वाढली की काच आपली आपणच तडतडते, कोणी हात लावलेला नसताना. टेसाची मान वळते. परवा अशीच वळली आणि चकती तिच्या पायांमधून आत गेली. उपाहारगृहातल्या डोरीनने अर्जदाराचा हात दाबला आणि डोळे पुसत म्हणाली, “बापाला शोधतंय गं लेकरू.” अर्जदाराच्या मते लेकरू बापाला शोधत नव्हते, बापाला भीत होते.

४. टेसाला हा खेळ श्वासासारखा आहे. तरी पाटी लागली तर आपण पुन्हा बर्फावर पाय ठेवणार नाही, असे तिने सांगितले आहे. कारण विचारले तर बुटांची पाती पुसत बसते. सबब विनंती की, पाटीचा ठराव रद्द करावा, कॉफी ठेवणे बंद व्हावे, काचेवर ठोके मारणाऱ्यास, तो कोणाचाही मित्र असो, बाहेर काढावे, आणि ती जागा कोणाही जिवंत माणसाला उभे राहण्यास मोकळी करावी.

५. अर्ज येथे संपला होता. काल सरावानंतर मैदानाबाहेर गाडी तापेपर्यंत अर्जदाराने तो टेसाला वाचून दाखवला. तिने सगळा ऐकला. मग म्हणाली की, भीतीचं लिहिलंयस ते खोटं आहे, ते काढ. अर्जदाराने विचारले, मग मान का वळते गं तुझी? त्यावर ती जे बोलली ते तिच्याच सांगण्यावरून, एकही शब्द न बदलता पुढे लिहीत आहे:

“त्या दिवशी सामना नऊला होता. बाबांना मी अकरा सांगितले. कोणीतरी फोन करून त्यांना खरं सांगितलं, म्हणून ते तसे घाईत निघाले. मला ते नकोसे नव्हते, आई. मला फक्त एकदा, ते बघत नसताना खेळून बघायचं होतं.”

मुलीसह आपली नम्र,

लोरेन पावलिक
विलो रिज, १२ फेब्रुवारी २०१९