सदूच्या चार ओळी

मंगळवार, संध्याकाळ. ऐरोली.

नात शतमक, म्हणजे पर्सेंटाइल, शिकतेय. सरावाला आकडे हवे होते, म्हणून माझ्या सातवीतल्या एकोणीस जणांना कवितेच्या किती ओळी पाठ होत्या, ते बाकांच्या क्रमाने दिलं. आठवलं कसं, कोण जाणे. माझ्या सतरा, शेजारच्या सदूच्या चार.

"काय हो आजोबा! आधी चढत्या क्रमाने लावायचं, नाहीतर सगळंच चुकतं."

लावलं. सदू पहिला, मी थेट पंधरावा.

"एकोणिसात एक मिळवला, वीस. त्याचे पंच्याहत्तर टक्के, पंधरा. पंच्याहत्तरावा शतमक तुम्हीच की!"

ती खूश. मला मात्र सदू शेजारी हवा होता. जाऊन किती वर्षं झाली त्याला? त्या चार ओळीही मीच त्याच्या कानात सांगितल्या होत्या. मघापासून पुटपुटतोय, फक्त शेजारच्याला ऐकू येतील एवढ्याच आवाजात.