थांबलेल्या पेशी

९ ऑगस्ट १९९९, सांगली
पुण्याहून मागवलेल्या लेखाची झेरॉक्स आली. दोनदा वाचली. मोठ्या भक्षक पेशी आसपासचं एक अमिनो आम्ल — ट्रिप्टोफॅन — संपवतात आणि शेजारच्या टी-पेशींची — रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची — वाढ थांबते. त्या मरत नाहीत. मारामारी नाहीच, नुसतं ताट रिकामं करायचं!

माझ्याबरोबर लॅबमध्ये असलेल्या राजरत्नच्या, पेशी वाढवायच्या बशांत हेच दिसत होतं. सत्त्याण्णव साली. लॅबचे प्रमुख असलेले सर म्हणाले, "पेशी मेल्यात. हाताचा दोष आहे त्याचा." त्याच्या बशांतल्या पेशी मीच मोजायचे. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प. तो लॅब सोडून गेला. कायमची जागा एकच होती, ती मला मिळाली.

तो आष्ट्याच्या बौद्ध वस्तीतला, मी साताऱ्याच्या ब्राह्मण सुभेदारांची मुलगी. माझ्या बशा बिघडल्या की सर इनक्युबेटरला दोष द्यायचे.

१४ ऑगस्ट
त्याच्याच वहीवरून प्रयोग पुन्हा मांडला. वाढ नाही. निळा रंग घातला — मेलेली पेशी निळी होते, जिवंत पेशी रंग आत घेत नाही. दहांत नऊ जिवंत. अर्ध्या बशांत जादा ट्रिप्टोफॅन घातलं.

१७ ऑगस्ट
त्या अर्ध्या वाढल्या!

१८ ऑगस्ट
सर खूश. "लेख करा तुमच्या नावानं." मी राजरत्नचा विषय काढला. सर म्हणाले, "तो आता या क्षेत्रात कुठे आहे?"

२२ ऑगस्ट
एसटीने आष्टा. स्टँडमागे त्याची रक्त-लघवी तपासायची लॅब. दारात त्याची आई, बाळाबाई.

"आवं, या की! सांगलीच्या न्हवं तुमी? हात लय हलका हाय त्याचा. सुई टोचली तरी पोरं रडत न्हाईत." मग हळू आवाजात, "तितं काय चुकलं वं त्याचं? इचारलं तरी सांगत न्हाई."

मी चपला काढून आत त्याच्याकडे गेले.

त्याच्यापुढे कागद ठेवले. लेखावर त्याचं नाव पहिलं असेल, नाहीतर लेख जाणार नाही, असं मी सांगितलं. सगळं वाचून त्याने कागद नीट जुळवले. मी म्हणाले, "तेव्हा कुणालाच कळलं नाही."

त्यावर तो जे बोलला ते आज लिहवत नाही.

२५ ऑगस्ट
लिहितेच.

"मॅडम, सर 'पेशी मेल्यात' म्हणाले त्या दिवशी, ते येण्याआधी, निळा रंग तुम्हीच घातला होतात. मी मागे उभा होतो. तुम्ही मोजलंत आणि तोंडातल्या तोंडात म्हणालात — नऊ."