बिनचूक वाक्यं

साव जॉर्ज बेट,
१४ जून १९९१

लाडक्या इल्दा,

पत्र हातात पडेल तेव्हा तू, जावई आणि मेलनी सुखरूप असाल अशी आशा करते. इथे आम्ही ठीक आहोत. आठ दिवस झाले, धुकं उतरलंय. अंगणातून गोठा दिसत नाही. घंटा ऐकू येतात, त्यावरून समजायचं की गाई आहेत. मधेच तासभर ते फाटतं, समोरच्या बेटावरचा पिकोचा डोंगर पायथ्याशिवाय समुद्रावर तरंगताना दिसतो, आणि पुन्हा सगळं पुसलं जातं. कुंपणांना निळी हायड्रेंजिया फुलली आहेत. चीज यंदा छान जमलंय. शेजारची झुल्मिरा गुडघ्यांनी बेजार आहे, जीभ मात्र ठणठणीत.

मोठी बातमी अशी की तुझे बाबा इंग्रजी शिकताहेत. हसू नकोस.

तुझ्या नाताळच्या पत्रात मेलनीने एक चिठ्ठी सरकवली होती. तुला ठाऊक होतं की नाही, देव जाणे. पाच पायांची एक गाय, आणि खाली पेन्सिलीने एकच ओळ: Grandpa, do you like me? मी ती त्यांना दिली. तू गेल्यापासून अकरा वर्षांत तुमच्या घरातून त्यांच्या हाती आलेलं हे पहिलंच काही. पाद्रीबाबा म्हणाले, "आणा, वाचून दाखवतो." तर हे म्हणाले, "नको. विचारलंय मला. वाचणारही मीच आणि उत्तर देणारही मीच."

चर्चशेजारच्या सभागृहात रविवारी दुपारी ओदेत शिकवते. पोस्टमास्तरांची मुलगी, अमेरिकेत वाढून परत आलेली. सोबत म्हणून मीही जाऊ लागले. सोबत म्हणूनच, बरं का.

इंग्रजीत एकाच माणसाची दोन रूपं असतात. तू आता त्यातच राहतेस, तुला त्याचं काय! काही करणारी असली तर ती she. तिच्यावर कुणी काही केलं, की तीच बाई her. तसंच he आणि him, we आणि us. आपल्याकडेही असलं काहीतरी आहे म्हणे, पण बोलताना आपण कुठे बघतो? शिवाय आपल्या भाषेत करणारा शब्दाच्या शेपटीत दडून बसतो. "पाठवलं" म्हटलं की भागतं. इंग्रजीत त्याला दारात येऊन उभं राहावं लागतं, आणि तो "मी" असेल तर मोठ्या अक्षरात, खांबासारखं. दुपारी डोळा लागला की ही मंडळी धुक्यातून माझ्याकडे चालत येतात. she पुढे, her मागे, दोघींचा चेहरा एकच. मी हाक मारते, पण दोघींपैकी कुणी ओ द्यायची ते त्यांना कळत नाही.

तुझ्या बाबांनी पहिल्याच दिवशी गाईबद्दल फळ्यावर लिहिलं: I kick she.

ओदेतने विचारलं, "काका, तुम्ही गाईला लाथ मारलीत?"

"मी कशाला मारीन? तिने मला मारली!"

"मग तिला आधी आणा. मारणारी पुढे, खाणारा मागे."

त्यांनी पुसून लिहिलं: Her kick I.

"अहो, लाथ खाल्लीत ना, मग me व्हा की!"

झुल्मिरा मागून म्हणाली, "पन्नास वर्षं दूध काढतोय, अजून गाय पुढे की हा पुढे ते कळेना." सगळं सभागृह हसलं. हेही हसले. इतकं हसताना मी त्यांना किती वर्षांनी पाहिलं, ते मोजायची हिंमत झाली नाही.

मे महिन्यात ओदेतने घरच्या माणसांवर दोन-दोन वाक्यं लिहायला सांगितली. तुझे बाबा उठले, टोपी काढून खिशात घातली आणि एकेक अक्षर कोरत लिहिलं:

She left me. She did not tell me.

ती मला सोडून गेली. तिने मला सांगितलं नाही. ओदेत हळूच म्हणाली, "बरोबर आहे, काका. एकही चूक नाही."

त्यांचं ते पहिलं बिनचूक लिखाण. आणि त्यातलं अक्षरही खरं नव्हतं, हे त्या खोलीत मला एकटीला ठाऊक होतं.

माझी पाळी आली तेव्हा मी लिहिलं, We love her. तेही बरोबर निघालं. we मोठा सोयीचा शब्द आहे, इल्दा. त्याच्या आडोशाला मी अकरा वर्षं काढली. मी या पत्रातही ठीक आहोत, ठीक आहोत म्हणत तिथेच घुटमळतेय. आता सांगते.

तू कॅनडाला निघालीस त्या सकाळी हे वरच्या कुरणात होते. जाताना मला म्हणाले, "तिला म्हणावं, बंदरावर थांब. दहाला येतो. काल जास्तच बोललो मी." आणि मी तुला सांगितलं, "बाबा येणार नाहीत. तुझं तोंड बघायचं नाही म्हणाले." तू मान वळवलीस. हे साडेनऊलाच घरी आले, घामाने निथळत, काखेत तुझ्यासाठी चीजचा गोळा. मी म्हटलं, "बोट कधीच सुटली. ती थांबली नाही. तुमच्यासाठी निरोपही ठेवला नाही." बोट तेव्हा धक्क्यालाच होती. आदल्या दिवशी तुमचं वाजलं होतं, म्हणून तुम्हा दोघांनाही माझं खरं वाटलं.

का केलं? मी एकोणीस वर्षांची असताना माझ्या मामांनी मला अमेरिकेला बोलावलं होतं. वडिलांनी जाऊ दिलं नाही. तू ट्रंक भरताना गुणगुणत होतीस. ते गुणगुणणं मला सोसलं नाही, आणि त्यावर हे निरोप द्यायला धावत येणार! मला निरोप कोण देणार होतं, मी तर गेलेच नव्हते. हे कारण आहे. याने काही हलकं होत नाही, ते मला समजतं.

गेल्या मंगळवारी मी वही घेऊन कुरणात गेले. धुक्यात हे आधी दिसलेच नाहीत, शीळ ऐकू आली. मी म्हटलं, "एवढं तपासून द्या." दगडी बांधावर बसून, बोट ठेवत ठेवत त्यांनी वाचलं:

She waited for you. I lied to her. I lied to you.

"she, थांबणारी. पुढे आहे, बरोबर," ते म्हणाले. "her, जिच्याशी खोटं बोलले ती. मागे. हेही बरोबर. ओदेतला दाखव, खूश होईल." मग त्यांचं बोट परत मागे आलं. "ही I कोण?"

"मी."

त्यांनी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. एक वासरू येऊन वहीचा कोपरा चाटू लागलं, तरी त्यांनी हाकललं नाही.

"किती वेळ थांबली होती?"

"बोट सुटेपर्यंत. धक्क्यावरच्या तिकीटवाल्याने पाहिलं. सारखी चढाच्या रस्त्याकडे बघत होती म्हणे."

वही माझ्या मांडीवर ठेवून ते चालू लागले. दहा पावलांत धुक्याने त्यांना घेतलं. मी बसून राहिले. कुठल्या घंटेजवळ ते असतील याचा अंदाज बांधत राहिले.

दिवेलागणीला आले. सूप प्यायले. चमचा पुसून ठेवला आणि म्हणाले, "तिला लिही. आम्ही-बिम्ही लिहू नकोस." तेव्हापासून ते तुझ्या खोलीत झोपतात. माझ्याशी बोलतात ते गाईंपुरतं. मी तक्रार करत नाही.

काल ते कॉफीच्या दुकानात जाऊन तिथून कॅनडाला फोन कसा लावायचा ते विचारून आले. तीस जूनच्या रविवारी संध्याकाळी पाचला लावणार आहेत. तुमच्याकडे तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ असेल. तुझ्याशी काय बोलणार ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मेलनीसाठीचं उत्तर मात्र गोठ्यात घोकताना ऐकलं: I like you. You like me? दुसऱ्या वाक्यात काहीतरी राहिलंय असं मला वाटतं, पण मी दुरुस्त केलं नाही. त्या दिवशी कामं दुसरीकडे सोपवून घरी राहा, इल्दा. फोन तूच घे.

मी दुकानाबाहेरच्या बाकावर बसेन. मला आत बोलवायचं की नाही, ते त्यांना सांग. नाही म्हणालीस तर ते येऊन मला तसं सांगतील, आणि आम्ही घरी जाऊ.

मेलनीला पापा.

जिने तुला त्या सकाळी खोटं सांगितलं ती,
तुझी आई
लियोंतिना