आबांनी धाडलेलं क्रिकेट

१२ जानेवारी २०२५, रविवार

आईनं आज सांगून टाकलं — तो खेळ माझ्याबरोबर जाळायचा. न फोडता! सांगलीहून डायलिसिस करून परत येताना, एस्टीत, सगळ्यांसमोर. "सरणावर माझ्या उशाला ठेव. तेवढं कर, मग तुला काय कराय लावत न्हाई." जणू आजवर काही करायलाच लावलं नाही!

खेळ म्हणजे टेबल क्रिकेट. पुठ्ठ्याचा खोका, झाकणावर मिशीवाला बॅट्समन, मागं हिरवंगार मैदान, वरून प्लॅस्टिक. १९९४ च्या दिवाळीत आला. आबा तेव्हा आंध्रात गलाईच्या दुकानात, सोनं गाळायच्या कामावर. दुकानात दोघंच, आबा आणि आमच्या आळीतला गुंडा. खोका गुंडाच घेऊन आला. मी अकरा वर्षांचा, धाकटी बहीण उत्कर्षा सहाची. मी तिथंच प्लॅस्टिक फाडायला बसलो, तर आईनं पाठीत धपाटा घातला. "बाप आल्याबिगर हात लावायचा न्हाई!" आमच्या आळीत तशी रीतच होती. बाहेरून आलेली वस्तू देवापुढं ठेवायची आणि मालक आला की त्याच्या हातानं फोडायची. बाकीच्यांचे बाप यायचे. दर जत्रेला आळीत खोकी फुटायची.

आबा आलेच नाहीत. आप्पासो काका एकदा शोधायला जाऊन आला, तर दुकानाला कुलूप. गुंडा म्हणायचा, "दुसरीकडं कामाला गेला, मला ठाव न्हाई." गुंडाही सात वर्षांपूर्वी गेला. आता विचारायला कुणी नाही.

तीस वर्षं आई दर जत्रेला तो खोका ट्रंकेतून काढते, पुसते, परत ठेवते. कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

१४ जानेवारी

संक्रांत. सुलाबाई काकू वाण घेऊन आली. आई आत पडलेली, आणि ही पायरीवर बसून मला विचारते, "मल्हारी, हिरवं लुगडं आनून ठिवायचं का पांढरं? ऐनवेळी पळापळ नको." म्हणजे आईला सवाष्ण म्हणून न्यायचं की विधवा म्हणून! मी म्हटलं, "काकू, ती अजून श्वास घेतीय." तर तिच्यामागून आलेला आप्पासो काका, "आरं, कोरट बी सात वर्सांत माणूस मेला म्हणून धरतंय. तीस झाली. तुझा बाप धुळा असता तर आला नसता व्हय?"

आईनं आतून ऐकलं असणार. भिंत काय, पत्रा आहे. नंतर मी पाणी द्यायला गेलो तर कुंकू नुकतंच लावलेलं होतं. ओलं होतं.

१७ जानेवारी

ड्युटी विटा–सातारा. वाजिदला सगळं सांगितलं. आमची ड्रायव्हर-कंडक्टरची जोडी नऊ वर्षांची, त्याच्यापासून काय लपवायचं. त्यानं चहा पिता पिता मोबाईलमध्ये शोधलं आणि चित्रं दाखवली. असले जुने खेळ लोक काचेच्या कपाटात ठेवतात म्हणे! "मल्हारभाऊ, सीलबंद हाय तवर त्येला किंमत. फोडलं की रद्दी." मी म्हटलं, "मला विकायचा नाहीये रे." "मग फोडून तरी काय करनार? ह्या वयात क्रिकेट खेळनार?"

खरं सांगायचं तर मला आत बघायचं आहे. आबांचं काहीतरी असेल असं लहानपणापासून वाटतं. नुसतं त्यांच्या हातानं लिहिलेलं माझं नाव असलं तरी चालेल. आई ते जाळायला निघालीय, आणि मला तिचा राग येतो. मरायला टेकलेल्या आईचा राग! लाज वाटते, पण येतो.

१९ जानेवारी, रविवार

खोका पिशवीत घालून साताऱ्याला नेला. ट्रंकेतून चोरलाच म्हणायचा. स्टँडवर उत्कर्षा आली. तिची दवाखान्यातली ड्युटी दोनला होती, मध्ये अर्धा तास. तिला म्हटलं, तूच सांग, फोडू का नको.

ती झाकणाकडं बघेचना. प्लॅस्टिकच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "दादा, हे कंपनीचं न्हाई. ही बेदाण्याची पिशवी आहे. दोन पिशव्या जोडल्यात."

मी बघितलं. कडेला बारीक दातांची नक्षी, ओळीनं. लगेच ओळखू आली. आबा आंध्रात गेल्यावर आई घरी बेदाण्याच्या पुड्या बांधायची. पिशवीचं तोंड करवतीच्या पात्यात धरायचं आणि कड मेणबत्तीवर फिरवायची, की पुडी बंद. उत्कर्षा तिच्या शेजारी बसून पुड्या मोजायची. आई पातं थोडं तिरकं धरायची. ही कडही तिरकी आहे.

म्हणजे आईनं खोका फोडला होता! आणि परत बंद केला. आम्हाला मात्र धपाटे!

उत्कर्षा म्हणाली, "विचार तिला. मला न्हाई जमायचं." आणि ड्युटीवर गेली.

२० जानेवारी

विचारलं नाही.

२१ जानेवारी

आजही नाही. डायलिसिसला नेली, नर्सनं फॉर्म पुढं केला, आईनं नेहमीसारखा अंगठा दिला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, हार्ट थकलंय, आता मशीन झेपेल असं वाटत नाही, घरी ठेवलंत तरी चालेल. किती दिवस, विचारलं. आठवडा-दहा दिवस म्हणाले.

२३ जानेवारी

विचारलं.

दुपारी घरात दोघंच होतो. खोका तिच्या पायाशी ठेवला आणि म्हटलं, "आई, हे तू बंद केलंस." पत्र्याकडं बघत ती म्हणाली, "व्हय."

कधी? "त्याच सालाला. एका कडंला उसवल्यालं हुतं. बोट घातलं तर कागद लागला. मग फोडला. चिठ्ठी हुती. परत तशीच आत ठिवली, नि लावला."

काय लिहिलं होतं? "मला कुटं वाचाय येतंय?"

माझं डोकं फिरलं! म्हटलं, कुणाकडून तरी वाचून घ्यायची होतीस! "कुनाकडनं? आख्ख्या आळीला कळलं असतं." मग माझ्याकडून! मी पाचवीत होतो, धडाधडा वाचायचो! तर म्हणाली, "वाचलं असतंस. आन मग?"

तीच बोलत राहिली, दर वाक्याला थांबत. "मी तवा चौतीस वर्सांची. दोन पोरं, वर पत्रा. मालक हाय, कामाला गेल्यात, आज न्हाई तर उद्या येनार — असं म्हटलं की दाराशी कोन उगीच थांबत न्हाई रं. नसल्याचं कळलं तर थांबत्यात. मला त्या कागदाचं भ्या वाटलं."

बाहेर येऊन पायरीवर बसलो. तीस वर्षं आई एका न वाचलेल्या चिठ्ठीवर कुंकू लावत आली. मला रडू आलं, बऱ्याच वर्षांनी.

२४ जानेवारी

चिठ्ठी कुणासाठी होती? आबांना ठाऊक होतं, आईला वाचता येत नाही. खेळ पोरासाठी. पोरगं खोका पहिल्या मिनिटात फाडणार, हे कुणीही सांगेल. म्हणजे ती चिठ्ठी मला होती! तीस वर्षांपूर्वी मला कुणीतरी काहीतरी सांगितलं आणि मी ते ऐकलंच नाही. आजारी आहे, न्यायला या, असं लिहिलं असेल तर? आणि आम्ही रीत पाळत बसलो असलो तर?

२५ जानेवारी

उत्कर्षाचा फोन. ती म्हणते फोड, आणि आईच्या देखत फोड. "जाताना तिला कळू दे ना, ती कोण म्हणून चाललीय." मी म्हटलं, वाईट असलं तर? "दादा, वाईटच असणार. चांगलं असतं तर माणूस आला असता."

तिला म्हणायला सोपं आहे. वाचणार मी!

आईनं मात्र फोडू नको म्हणून सांगितलंय, स्वच्छ शब्दांत. तिचा शब्द मोडायचा, की मला आलेली चिठ्ठी न वाचता जाळायची? दिवसभर तिकिटं फाडताना हेच. कराडला एका बाईला पलूसचं तिकीट दिलं, तिला जायचं होतं पाटणला. अख्ख्या गाडीनं मला वेडा ठरवलं.

२७ जानेवारी

फोडला.

विटा डेपोच्या मागं, रिकाम्या गाडीत, शेवटच्या सीटवर. वाजिदला खाली उभं केलं, कुणाला चढू देऊ नको म्हणून. किल्लीनं कड कापली. झाकण काढलं तर वरच चार घड्यांचा कागद. बाकी काही बघितलं नाही, झाकण लावून टाकलं.

आबांचं अक्षर नव्हतं. उतरवून ठेवतो, कारण कागद मी ठेवणार नाही.

"चि. मल्हारी, तुझे वडील धुळा दसऱ्याच्या आधी वारले. ॲसिडचा धूर छातीत गेला. दोन दिवस दवाखान्यात होते. तिथंच सगळं केलं. हा खेळ त्यांनी तुझ्यासाठी घेऊन ठेवला होता. तुझ्या आईपुढं मला तोंडानं सांगवत नाही. तू शाळेत जातोस, खोका तूच आधी फोडशील म्हणून यात ठेवतो. आधी आप्पासोला सांग. मग आईला. — गुंडा."

गुंडा! दर जत्रेला आमच्या घरी जेवायला यायचा हा माणूस. आई ताट वाढून विचारायची, "मालकांची तब्येत बरी हाय न्हवं?" आणि हा मान खाली घालून भात कालवायचा. भेकड! अकरा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर प्रेत टाकून मोकळा झाला, आणि ते पोचलं नाही हे दिसत असून गप्प बसला.

आबा दिवाळीच्या आधीच गेले होते. आम्ही त्यांची वाट बघायला लागलो, तेव्हा ते नव्हतेच.

२८ जानेवारी

आई शुद्धीवर होती. खोका बघितला, कापलेली कड बघितली. रागावली नाही. "काय लिवलंय?"

रात्रभर घोकलेलं खरं वाक्य ओठांवर होतं. सुलाबाई काकू दारात उभी. आईच्या कपाळाकडं बघितलं आणि कागद समोर धरून वाचायला लागलो — "मल्हारीस आशीर्वाद. दुकान बदललंय, काम लांबलंय, पण मी येणार. तुझ्या आईला सांग, काळजी करू नको. मी आल्यावर आपण मिळून खेळू." तिकिटाचा हिशोबसुद्धा मला कधी खोटा लिहिता आला नाही.

आई माझ्याकडं बघत होती. कागदाकडं नाही, माझ्याकडं. "त्येंनीच लिवलंय?"

"हो."

"चांगलं वाचलंस रं." माझ्या मनगटावर हात ठेवला, हाडंच हाडं. मग काकूला म्हणाली, "सुलाबाई, ऐकलंस न्हवं? हिरवंच आन."

३० जानेवारी

आई गेली. सकाळी सव्वासातला.

हिरवं लुगडं, हिरवा चुडा, कपाळभर मळवट. आळीतल्या सवाष्णी ओटी भरायला रांगेनं आल्या, पाया पडल्या. भाग्याची म्हणाल्या. मी खाली बघत उभा. चिठ्ठी सरणात सरकवली, कुणाला दिसली नाही. खोका मात्र आप्पासो काकानं ठेवू दिला नाही. "प्लॅस्टिक हाय, घान वास मारंल." भांडायचं त्राण नव्हतं. तिचं एकच मागणं होतं, तेही राहिलं.

९ फेब्रुवारी

आईला वाचता येत होतं.

उत्कर्षानं आज खोका पूर्ण रिकामा केला. पट, फासे, प्लॅस्टिकचे अकरा खेळाडू. तळाशी धावा लिहायची वही. पहिल्या पानांवर पेन्सिलीनं अ आ इ ई, वाकडंतिकडं. मग कमळ, बदक. उत्कर्षा म्हणाली, "मी पहिलीत होते. आई रोज पुड्या बांधताना मला अंकलिपी मोठ्यानं वाचाय लावायची. मला वाटायचं, माझ्यासाठी."

पुढं सगळी चिठ्ठी. एकेक शब्द तोडून, पुन्हा पुन्हा उतरवलेली. धुळा. धूर. दवाखान्यात.

शेवटच्या पानावर एकच शब्द, पान भरून. वारले, वारले, वारले. खालच्या ओळींत अक्षर छान वळणदार आलंय.